जबाबदारी मालकाची

१२ ऑक्टोबर

अर्ध्या,

'चिरंजीव' लिहावंसं वाटत नाही आणि 'तीर्थरूप' व्हायची तुझी लायकी नाही, म्हणून मायना गाळलाय. उत्तर येणार नाही हे माहीत आहे. मागच्या कुठल्याच पत्राला दिलं नाहीस, तर याला कुठून देणार! पण आज कुणाशी तरी भांडले नाही तर माझं डोकं फुटेल, आणि भांडायला तुझ्याइतकं लायक माणूस मला अजून मिळालेलं नाही.

आपले घोडे भिजवले रे! बाराच्या बारा!

'आपले' चुकून लिहिलं. माझे. तू अंग काढून घेतलंस, फायबरचे साचे डोक्यात घेऊन दुसऱ्या गावी निघून गेलास, तेव्हापासून ते माझेच. मोठ्या बागेतल्या चक्रीचे लाकडी घोडे, वर्षभर पटाशी चालवून उभे केलेले. बागेचं काम रेंगाळलं म्हणून चौकातल्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे ठेवायला दिले. बोलणं स्वच्छ झालं होतं: चक्री बसेपर्यंत घोडे गोदामात, छपराखाली, मग ट्रकने बागेत. भाडं आगाऊ मोजून घेतलं त्याने.

काल सहज बघायला गेले. गोदामात कुणाचे तरी सोफे, प्लास्टिक गुंडाळून, अगदी जावयासारखे बसलेले. आणि माझे घोडे कुठे? मागच्या अंगणात, ट्रक धुवायच्या जागेवर! एक माणूस शीळ घालत पाइप मारतोय, ट्रकवरचा सगळा चिखल घोड्यांच्या अंगावर. किती दिवस चाललं होतं कोण जाणे. रंगाखाली भरलेली लांबी सोलून निघालीय, सरस सुटलाय, सांधे उघडलेत. एकाचा कान माझ्या हातात आला. मी तो कान घेऊनच ऑफिसात शिरले.

ट्रान्सपोर्टवाला म्हणतो कसा, "ताई, आधी पाणी घ्या." मी म्हटलं, "पाणी माझ्या घोड्यांनी पुरेसं घेतलंय!" तर या गृहस्थाने शांतपणे माझी पावती उलटी केली. मागे मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं. त्यात बोट ठेवून म्हणाला, "बघा, छापलंय. माल भिजला, फुटला तर जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. आम्ही काहीच देणं लागत नाही."

बागवाल्यांनी सांगून टाकलंय, मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आत घोडे उभे राहिले नाहीत तर ते प्लास्टिकचे मागवतील. नवीन लाकडाला माझ्याकडे दमडी नाही. याने भरपाई दिली नाही तर कारखान्याला कुलूप लागेल आणि मी कुणाच्या तरी फर्निचरच्या दुकानात टेबलांना काचपेपर मारत बसेन.

आणि हे बघ, फायबरचे असते तर भिजले नसते, हे मनातसुद्धा म्हणू नकोस. मला ऐकू येतं.

ताई


६ नोव्हेंबर

अर्ध्या,

नाच केला आज कारखान्यात! आणि लगेच डोक्याला हात लावून बसायची वेळ आली, तीही तुझ्यामुळे. पण आधी नाच.

मी वकील केलाय. बाई आहेत, भुशाने सारख्या शिंकतात. खुर्ची नव्हती म्हणून बिनपायाच्या एका घोड्यावर बसल्या आणि पहिलाच प्रश्न, "पावती कधी दिली? घोडे द्यायच्या आधी की नंतर?"

मी म्हटलं, "नंतर. घोडे आत गेले, पैसे दिले, हमालांनी दोर सोडले, मग कारकुनाने पावती फाडली."

वकीलबाई घोड्यावरून उठल्याच. "मग हे तर वरातीमागून घोडं!"

म्हटलं, "बाई, घोड्यांची चेष्टा नको, जखम ताजी आहे."

त्या हसल्या, शिंकल्या आणि त्यांनी मला समजावलं. भाजी घेऊन तुम्ही पैसे दिलेत, पिशवी उचललीत, चार पावलं गेलात, आणि मागून भाजीवाला ओरडला, 'किडकी निघाली तर माझ्याकडे यायचं नाही!' तर ते तुम्हाला बंधनकारक आहे का? नाही. तो ओरडला तेव्हा सौदा होऊन गेला होता. अंगावरची जबाबदारी झटकायची असेल तर ती अट सौद्याच्या आधी, समोरच्याला दिसेल अशी ठेवावी लागते. नंतर हातात कोंबलेल्या कागदाच्या पाठीवर वाटेल ते छापून भागत नाही.

इतकं सोपं! इतकं सरळ! मला कुणी आधी का नाही सांगितलं? मी त्या बाईंना मिठीच मारणार होते, पण अंगावर सगळा सरस.

आता ऐक. त्याच्या वकिलाचं उत्तर आलं. पावतीचं जाऊ द्या, म्हणतो. वजनकाट्याच्या वर भिंतीवर पाटी आहे, वर्षानुवर्षं आहे: 'माल फुटल्यास, भिजल्यास वा हरवल्यास जबाबदारी मालकाची.' सौद्याच्या आधी दिसते, आंधळ्यालाही दिसते. आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं उतरवते: 'अर्जदार बाईंनी सदर पाटी अनेकदा वाचलेली असून, ती त्यांच्या सख्ख्या भावानेच रंगवलेली आहे.'

सख्ख्या भावाने! निळ्या रंगात! जगात एवढ्या पाट्या पडल्या होत्या, तुला हीच मिळाली? माझ्याच गळ्याला दोर आणि तो वळून ठेवणारा तू! वकीलबाईंनी विचारलं, "खरंच वाचली होतीत?" खोटं कसं बोलू? तू शिडीवर होतास तेव्हा खाली डबा धरून मीच उभी होते.

"मग कठीण आहे," म्हणाल्या, आणि पाटीचा फोटो मागवून घेतला.

ताई (नाइलाजाने)


२१ जानेवारी

अरे अर्ध्या, अर्ध्या, अर्ध्या!

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. आज सुनावणी होती. छोट्या दाव्यांचं न्यायालय, खोली आपल्या रंगाच्या खोलीएवढी, पंखा आवाज करतो. न्यायाधीश म्हातारे आहेत आणि प्रत्येक कागद मोठ्याने वाचतात, शाळेतल्यासारखा.

वकीलबाईंनी ट्रान्सपोर्टवाल्याच्या कारकुनाला पिंजऱ्यात उभं केलं. तोच तो, भिडस्त, कानामागे पेन. बाई अगदी गोड आवाजात विचारायला लागल्या. मला वाटलं, या गप्पा काय मारतायत!

"घोडे गोदामातून बाहेर काढा असं कोण म्हणालं?"

"मालक."

"गोदामात सोफे ठेवायचे कुणी ठरवलं?"

"मालकांनीच."

"घोडे ट्रक धुवायच्या जागी राहू द्या, हे?"

"मी म्हटलं होतं मालकांना, भिजतील म्हणून. मालक म्हणाले, लाकूडच आहे, वाळेल."

बाईंनी माझ्याकडे हात केला. "म्हणजे या बाई असं म्हणाल्या? घोडे यांचे. मालक याच ना?"

कारकून गोंधळला. "छे हो! या कशा मालक? मालक म्हणजे आमचे मालक!" आणि थेट ट्रान्सपोर्टवाल्याकडे बोट.

"तुमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं यांना काय म्हणतात?"

"मालकच म्हणतात."

"हमाल?"

"मालक."

"ड्रायव्हर? शेजारचे दुकानदार?"

"सगळेच हो. त्यांना नावाने कोण हाक मारणार?"

मग बाईंनी पिशवीतून पाटीचा फोटो काढला आणि न्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायाधीशांनी सवयीप्रमाणे मोठ्याने वाचलं, "माल फुटल्यास, भिजल्यास वा हरवल्यास जबाबदारी..." आणि थांबले. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "...मालकाची."

मग मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी खोली हसायला लागली. कारकूनसुद्धा! मी तर टाळी वाजवली, बाईंनी माझा हात धरून खाली केला.

शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने तो लिहिला त्याच्या विरुद्धचा अर्थ धरायचा. हा कायदा आहे, अर्ध्या! अंग काढून घ्यायचंय ना, मग स्वच्छ शब्दांत काढून घे. संदिग्ध बोललास तर त्याचा फायदा समोरच्याला.

पण ट्रान्सपोर्टवाल्याचा वकील काही कच्च्या गुरूचा चेला नाही. पुढचा श्वास घ्यायच्या आत उभा राहिला. म्हणाला, पाटीवर मुळात 'मालाच्या मालकाची' असं हवं होतं. पाटी रंगवणाऱ्याने शब्द गाळला. आमच्या अशिलाला पत्ताच नव्हता. आणि रंगवणारा कोण, तर यांचा भाऊ. ज्याने शब्द खाल्ला त्याच्याच बहिणीने त्याचा फायदा घ्यायचा, हा कुठला न्याय?

आता सगळं घोडं तिथे अडलंय. शब्द गेला तो ट्रान्सपोर्टवाल्याला माहीत असताना, की तुझ्या हातून गुपचूप? माहीत असताना गेला असेल तर पाटी त्याची. नसेल तर घोडचूक तुझी, आणि मी गेले.

मी खाली डबा धरून उभी होते खरी, पण दुपारी घरी गेले होते. तुम्ही दोघं काय बोललात मला ठाऊक नाही. तुलाच ठाऊक.

ताई


४ फेब्रुवारी

अर्ध्या,

समन्स मिळालं असेल. काय सांगायचं ते मी लिहिणार नाही, वकीलबाईंनी तंबी दिलीय. आणि माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही, तुझे कान लाल होतात आणि सगळं बाहेर येतं. जे झालं तेच सांग. त्यात मी बुडाले तरी चालेल.

चालणार नाही. पण तरी तेच सांग.

ताई


१९ फेब्रुवारी

अर्ध्या, बस सुटायच्या आधी तुला गाठायला मी धावले, चप्पल तुटली, आणि तू निघूनही गेलास! न जेवता! निदान वळून तरी बघायचंस. पोट सुटलंय तुझं, केस गेलेत, आणि शर्टाच्या बाहीवर निळा रंग तसाच. मी बघत होते. तू भिंतीकडे बघत होतास.

मला ते सगळं पुन्हा एकदा लिहून काढायचंय. तू तिथे होतास हे माहीत आहे, तरी लिहिणार. कागद माझा आहे.

न्यायाधीश म्हणाले, शब्द का गाळलात? तू म्हणालास, "जागा पुरली नाही." मला बाबांची 'अर्ध्या!' ही हाकच ऐकू आली. तुझ्या प्रत्येक पाटीत सुरुवातीची अक्षरं हत्तीएवढी आणि शेवटची एकमेकांच्या मांडीवर, म्हणून तर त्यांनी तुझं नाव अर्ध्या ठेवलं! न्यायाधीशांनी कागद दिला, म्हणाले, लिहून दाखवा कशी पुरली नाही. आणि तू लिहायला लागलास. 'माल फुटल्यास' अर्ध्या कागदावर. 'जबाबदारी' कडेला टेकली. आणि तू मान वर करून म्हणालास, "साहेब, दुसरा कागद मिळेल का?"

अरे देवा, न्यायाधीशांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून!

मग तुझं ते वाक्य. "मी मालकांना दाखवलं. म्हटलं, 'मालाच्या' राहिलंय, पुसून पुन्हा करतो. ते म्हणाले, राहू दे, वाचतंय कोण. पाटी बघून लोक गप्प बसले म्हणजे झालं." तुझे कान पांढरेफटक होते. मी नीट बघितले.

त्या वकिलाचं तोंड बघायला हवं होतंस. पण तो शेवटपर्यंत लढला, मानलं पाहिजे. म्हणाला, "बहिणीला वाचवायला आलात."

तू म्हणालास, "मी तिच्याशी बोलत नाही."

"कधीपासून?"

"घोडे लाकडाचे की फायबरचे, यावरून वाजलं तेव्हापासून."

"पत्रव्यवहार असेलच की."

"ती लिहिते."

"आणि तुम्ही?"

"मी नाही."

"वाचता तरी का?"

तू बाहीवरचा निळा रंग नखाने खरवडायला लागलास.

"वाचतो," म्हणालास.

"सगळी?"

"सगळी. दोनदोनदा." आणि मग चिडून, "तिचं अक्षर वाईट आहे, पहिल्यांदा लागत नाही."

वकील बसला खाली. जो माणूस बहिणीच्या एका पत्राला उत्तर देत नाही तो तिच्यासाठी खोटं कशाला बोलेल? न्यायाधीशांनी लिहून घेतलं: साक्षीदार व अर्जदार यांचे संबंध नाहीत.

मी तेवढ्यात रडून घेतलं. बाईंना वाटलं हरलो की काय म्हणून रडतेय. सांगितलं, भुसा गेला डोळ्यात.

ताई


२२ एप्रिल

अर्ध्या,

दोन महिने तोंडाला कुलूप लावून बसले होते! मला! विचार कर! वकीलबाईंनी दम भरला होता, "अपिलाची मुदत संपेपर्यंत भावाला पत्र नाही, फोन नाही, निरोप नाही. तुम्ही बोलत नाही हाच आपला भक्कम पुरावा आहे, तो पत्र लिहून फोडू नका." काल मुदत संपली. त्याने अपील केलं नाही. आता तू माझ्याशी बोललास तरी खटल्याचं काही बिघडत नाही. तेव्हा आता तुला निमित्त उरलेलं नाही.

जिंकलो रे! निकाल न्यायाधीशांनी अर्थातच मोठ्याने वाचला, वाचताना दोनदा हसू दाबलं. पावती उशिरा दिली, म्हणून तिच्यावरची अट लागू नाही. पाटी वेळेवर होती, पण 'मालक' म्हणजे कोण हे तिने सांगितलं नाही. शब्द अपुरा आहे हे माहीत असून ज्याने तो तसाच टांगला, त्यानेच तो झेलायचा. आणि 'वाचतंय कोण' म्हणून जो पाटी लावतो, त्याने ती दुसऱ्याला वाचायला लावू नये. शिवाय गोदामाचं भाडं घेऊन घोडे पाइपाखाली उभे करायची मुभा कुठलीच पाटी देत नाही. पूर्ण भरपाई! ट्रान्सपोर्टवाल्याने पैसे कारकुनाकरवी पाठवले. कारकून म्हणाला, "मालकांनी दिलेत," आणि स्वतःच खो-खो हसत सुटला.

लाकूडवाल्याने निकालाच्या भरवशावर आधीच माल दिला होता. सांधे नव्याने बसवले, लांबी भरली, घासले, रंग चढवला. हाताला घट्टे पडलेत. एकदाचं घोडं गंगेत न्हालं म्हणायचं, पाइपाखाली न्हाऊन झाल्यावर! बागवाले येऊन बघून गेले, खूश आहेत. शनिवारी ट्रक येतोय, दुसऱ्या ट्रान्सपोर्टचा. त्याच्या पाट्या मी आधी सगळ्या वाचल्या, अक्षर न् अक्षर. पावतीसुद्धा आधी मागितली. तो माझ्याकडे असा बघत होता की मी त्याच्या मुलीला मागणी घालायला आलेय.

आता या पत्राचं खरं कारण सांगते.

काल वकीलबाई पेढा मागायला आल्या होत्या. पेढा नव्हता, चहा दिला. निघताना त्या दारात थांबल्या. तू गेलास त्या दिवशी दारावर रंगवून गेलास ते मी पुसलेलं नाही. बाईंनी वाचलं, 'या कारखान्याच्या बऱ्यावाईटाला मी जबाबदार नाही.' आयुष्यात एकदाच तुला जागा पुरली, आणि ती इथे!

बाईंनी विचारलं, "हे कधीचं?"

"तो गेला तेव्हाचं."

"आणि भाऊ कधी झाला तो तुमचा?"

मी म्हटलं, "मी पहिलीत होते तेव्हा."

"तेव्हा काही अट घातली होती?"

"नाही हो. नुसता रडत होता."

बाई शिंकल्या. म्हणाल्या, "मग हे नंतरचं. लागू नाही."

मी बराच वेळ दाराशी उभी होते. तुझ्यावरचा राग शोधत होते. सापडला नाही. सापडला की कळवेन.

बारा घोडे रंगून उभे आहेत, अर्ध्या, पण डोळे काढलेले नाहीत. डोळे तू काढायचास. मी एकाचे करून बघितले, तो तिरळा झाला, पुसून टाकले. आंधळे घोडे मी बागेत पाठवणार नाही, आणि तिरळे तर मुळीच नाही. शनिवारच्या आत ये. बुधवारी आलास तर बरं, रंग वाळायला हवा. फायबरचं काय ते जेवताना बोलू, मी ऐकून घेईन, मग नाही म्हणेन.

आणि मधल्या मोठ्या घोड्याच्या खोगिराखाली नावं घालायला जागा सोडली आहे. दोघांची मावतील एवढी आहे, मी फूटपट्टीने मोजलीय. आधी माझं घाल, मी मोठी आहे. फक्त सुरुवात लहान अक्षरांत कर रे बाबा, म्हणजे तुझं पूर्ण येईल.

तुझी ताई